उचल, फड आणि सोडून जाण्याचा हक्क

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे पुणे-नाशिक रस्त्यावरचे बाजाराचे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावातून, खेड-शिरूरकडून, पारनेर, संगमनेर, अकोल्याहून यात्रा कमिट्यांचे पंच येतात, राहुट्या हिंडतात आणि आपल्या गावच्या यात्रेची सुपारी ठरवून परत जातात. वग कोणता, सोंगाड्या कोण, हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यंदा बाई कोण हाय?" या एका उत्तरावर सुपारीचा आकडा चढतो किंवा उतरतो. फडात माणसे शंभराच्या घरात असली, तरी पंचांच्या तोंडी नाव एकच असते.

या एका नावामुळे फडमालकापुढे जो पेच उभा राहतो, त्याविषयी मला इथे लिहायचे आहे. ज्या बाईच्या नावावर फड चालतो तिची बोली हंगामाअखेर संपणार आहे. दुसरे फडमालक तिच्या घरी निरोप धाडू लागले आहेत. ती राहील की जाईल, हे ती सांगत नाही. अशा वेळी मालकाने काय करावे? हंगाम संपेपर्यंत तिला धरून ठेवावे, आणि ती निघून गेली तर हात चोळीत बसावे? की बोली संपण्याआधीच दुसऱ्या फडाशी व्यवहार करून, चार पैसे किंवा दोन कलावंत पदरात पाडून, तिला तिकडे देऊन टाकावे?

माझे मामा नारायणगाव परिसरातल्या एका फडात हलगी वाजवीत. त्यामुळे हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे आंबेगाव तालुक्यात शिक्षक म्हणून वावरताना, तमासगिरांची मुले वर्गात असताना, तो अधिक जवळून दिसला. तमाशाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गण, गौळण, बतावणी, वग यांच्याविषयी पुष्कळ लिहिले. शाहिरांच्या रचना गोळा केल्या. पण बाईची बोली कोणी केली, उचल कोणी दिली, ती कोणी फेडली आणि त्या फेडण्यात बाईला कोणी विचारले काय, याविषयी फार थोडे लिहिले गेले. कलेचा इतिहास असतो तसा कलेच्या मजुरीचाही इतिहास असतो, आणि तो आपल्याच माणसांचा आहे.

१

आधी व्यवहार समजून घेऊ. तंबूच्या फडाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत फड गावोगाव कनात लावून तिकिटावर खेळ करतो. पाडव्यानंतर यात्रांच्या सुपाऱ्या लागतात. चैत्र-वैशाख हा कमाईचा खरा काळ. पाऊस जवळ आला की कनात उतरते, गाड्या उभ्या राहतात आणि कलावंत आपापल्या गावी परततात. मग पावसाळ्याचे चार महिने. या चार महिन्यांत पोटाला काय खायचे, मुलाची फी कुठून भरायची, आजारपण निघाले तर कोणाच्या दारात जायचे? याचे उत्तर म्हणजे उचल. पुढच्या हंगामाच्या मजुरीपोटी मालक आगाऊ रक्कम देतो. ती घेतली की माणूस पुढच्या हंगामाला त्या फडाशी बांधला जातो. हंगामात पगारातून उचल वळती होते. पुरती वळती झाली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते.

ऊसतोडणी कामगार आणि वीटभट्टीवरचा मजूर यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की तमाशात उचलीचे आकडे माणसागणिक वेगळे असतात. झीलकऱ्याची उचल ती किती, आणि मुख्य बाईची ती किती! नावाजलेली बाई सौदा करू शकते. ढोलकीवाला थोडाफार करू शकतो. तंबूचे खुंट ठोकणारा करू शकत नाही.

आता कळीचा मुद्दा. एका फडाची बाई दुसऱ्या फडाला हवी असेल तर नवा मालक जुन्या मालकाची उचल फेडतो, वर काही देतो, आणि बाई इकडची तिकडे जाते. तमाशातली बदली ही अशी होते. पैसा मालकाकडून मालकाकडे जातो. कित्येकदा बाईच्या डोक्यावरचे कर्ज तेवढेच राहते, सावकार तेवढा बदलतो. या व्यवहाराला कोणी विक्री म्हणत नाही. "उचल फिरवली" म्हणतात. शब्द मऊ आहे. मऊ शब्दांची आपल्याला चांगली ओळख आहे. वेठीलाही या देशात एके काळी मान म्हटले जात होते.

२

हा व्यवहार नीट कळण्यासाठी तमाशाच्या बाहेर, गावाच्या चौकटीत जावे लागते. तमाशा ज्या महार, मांग, कोल्हाटी जातींनी जगवला, त्यांपैकी महारांच्या गळ्यात वतन होते. वतन म्हणजे जमिनीचा तुकडा, बलुते आणि त्यांच्या मोबदल्यात चोवीस तासांची ताबेदारी. वतनदार महाराला काम सोडून जाता येत नव्हते, कारण तो कोणा एका माणसाचा नोकर नव्हता. तो गावाचा होता. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे बिल मांडले, तेव्हा त्यांनी नेमके या बांधलेपणावर बोट ठेवले होते. ते बिल त्या वेळी पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. म्हणजे स्वातंत्र्य मिळून अकरा वर्षे होईपर्यंत कायद्याच्या पुस्तकात ही ताबेदारी शिल्लक होती.

आपल्या चळवळीचा इतिहास या बाजूने वाचला तर तो सोडून जाण्याचा इतिहास आहे. मेलेली ढोरे ओढणे सोडले, येसकरी सोडली, गाव सोडून मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या गाठल्या. १९३५ साली येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा झाली आणि १९५६ साली नागपूरला ती खरी झाली. प्रत्येक वेळी ज्यांची सोय मोडली त्यांनी एकच आरोप केला : हे कृतघ्न आहेत, आम्ही यांना पोसले. आज नामांकित बाई फड सोडते तेव्हा मालकाच्या तोंडी तोच आरोप येतो, "हिला आम्ही मोठी केली." आणि आज पंचाईत अशी की असे म्हणणारा मालक पुष्कळदा आपल्यातलाच असतो.

३

तमाशाच्या इतिहासातली मोठी नावे या प्रश्नाच्या उजेडात पुन्हा पाहण्यासारखी आहेत.

पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जात-घर सोडून तमाशात आले, पठ्ठे बापूराव झाले, आणि त्यांच्या लावणीला पवळाने गळा आणि देह दिला. दोघांच्या जोडीने मुंबई गाजवली. त्यांच्या फडाला जी गर्दी होई ती एकट्या कवनांसाठी खास नव्हती. तरी महाराष्ट्राने नाव पुढे ठेवले ते पठ्ठे बापूरावांचे. बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकिकत आपल्याकडे सर्वश्रुत आहे. समाजातल्या स्त्रियांना नाचवून आलेला पैसा नको, ही त्यांची भूमिका होती. त्या नकारामागचा स्वाभिमान आपण शिरोधार्य मानतो. पण एक प्रश्न उरतोच. तो पैसा देऊ करताना पवळाला कोणी विचारले होते का? देणारा एक, नाकारणारा एक, आणि जिच्या श्रमाचा तो पैसा ती या संभाषणात कुठेच नाही. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या माणूसपणाचा प्रश्न विस्ताराने मांडला आहे. तो आपल्याकडे मराठीत, आपल्या बैठकांत मांडला गेला पाहिजे.

दुसरे नाव नारायणगावचेच. विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूरला झाला. वडील आणि चुलते यांचा फड "भाऊ-बापू मांग नारायणगावकर" या नावाने प्रसिद्ध होता. फलकावर जातीचे नाव उघड लिहिलेले, आणि तो फलक पाहून सवर्ण गर्दी करीत. त्याच माणसाला गावात पाणी वरून वाढायचे आणि रात्री त्याच्या कलेवर फेटे उडवायचे, हा महाराष्ट्राचा न्याय. विठाबाई त्या फडाच्या मुख्य कलावंत झाल्या आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या नावाचा फड उभा राहिला. १९५७ आणि १९९० साली त्यांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. शेवटचे दिवस आर्थिक ओढाताणीचे होते. त्यानंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

विठाबाईंची एक हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या खेळाला उभ्या राहिल्या. कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही हकिकत सांगताना लोकांचे डोळे कौतुकाने पाणावतात. कलेची निष्ठा म्हणून ती सांगितली जाते. मला त्यात निष्ठेइतकीच दुसरी गोष्ट दिसते. शंभर माणसांची चूल जर एकाच देहावर पेटत असेल, तर त्या देहाला बाळंतपणाचीसुद्धा रजा मिळत नाही. इथे कोणी क्रूर मालक चाबूक घेऊन उभा नव्हता. फडच असा रचलेला होता की थांबायची सोय नव्हती. नामांकित कलावंतावर फड अवलंबून असतो असे आपण म्हणतो; त्या अवलंबण्याचे ओझे कोणाच्या अंगावर पडते, हे या हकिकतीत दिसते.

तिसरे नाव कांताबाई सातारकरांचे. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या गाजल्या. १९६४ साली खेडकर गेले. १९६९ साली कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला आणि तो मुलगा रघुवीर खेडकर यांच्यासह महाराष्ट्रात नावारूपाला आणला. मे २०२१मध्ये त्यांचे निधन झाले. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही आईच्या फडात घडून पुढे स्वतंत्र फड काढला. या तिन्ही बायांच्या चरित्रांतून एक सूत्र निघते. तमाशातल्या बाईला आपल्या नावाची किंमत आपल्या हाती ठेवण्याचा एकच खात्रीचा मार्ग सापडला, तो म्हणजे स्वतः मालकीण होणे. कलावंत म्हणून राहून मोकळे राहण्याची वाट तिच्यासाठी कोणी बांधलीच नव्हती. आणि सगळ्यांनाच मालकीण होता येत नाही. एका विठाबाईमागे शेकडो जणींची उचल फिरत राहिली, त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत.

४

हाच पेच जगात दुसरीकडे कसा सोडवला गेला, हे पाहिले तर आपला प्रश्न जास्त स्वच्छ दिसतो. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटनेला पँथर हे नाव घेतले ते तिकडूनच. त्याच १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कर्ट फ्लड नावाच्या काळ्या बेसबॉलपटूचा दावा पाच विरुद्ध तीन मतांनी फेटाळला गेला. सेंट लुईसच्या संघाने १९६९ साली त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले होते. त्याला पगार भरपूर होता. तरी तो गेला नाही. मी बाजारात मांडायची वस्तू नाही, हे त्याचे म्हणणे होते. खटला हरला, खेळातली उरलीसुरली वर्षे गेली. पण वाट पडली.

बास्केटबॉलमध्ये ती लढाई ऑस्कर रॉबर्टसन या काळ्या खेळाडूने लढली. खेळाडूंच्या संघटनेचा तो अध्यक्ष होता. १९७० साली त्याच्या नावाने दावा दाखल झाला आणि १९७६ साली तडजोड होऊन खेळाडूंना करार संपल्यावर दुसऱ्या संघात जाण्याची वाट हळूहळू मोकळी झाली. योगायोग पाहा : त्याच १९७६ साली भारतात वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा झाला. कर्ज किंवा आगाऊ रकमेपोटी ज्याला दुसरीकडे काम करण्याचे, हिंडण्याफिरण्याचे किंवा आपले श्रम बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागते तो वेठबिगार, असा त्या कायद्याचा आशय आहे. तमाशातल्या लहान कलावंताची उचल या व्याख्येशी प्रत्येक कार्यकर्त्याने ताडून पाहावी.

खेळाडू मोकळा झाला, तेव्हा मालकांपुढे नवा प्रश्न आला, आणि तो अगदी नारायणगावच्या राहुटीतला आहे. बास्केटबॉल पाच जणांचा खेळ. अकरा जणांच्या क्रिकेटपेक्षा त्यात एका मोठ्या खेळाडूचे वजन फार. असा खेळाडू करार संपून गेला तर संघाच्या हाती काही राहत नाही. २०१६ साली केव्हिन ड्युरंट ओक्लाहोमा सोडून गेला, संघाला बदल्यात काहीच मिळाले नाही. इंडियानाच्या संघाने हे पाहिले, आणि पॉल जॉर्जचा करार संपायच्या वर्षभर आधी, २०१७ साली, त्याला ओक्लाहोमाला देऊन दोन तरुण खेळाडू घेतले. ते दोघेही पुढे नामांकित झाले. नुसता हिशेब पाहिला तर इंडियाना शहाणी ठरली. आधी द्यावे, या मताची माणसे हेच उदाहरण पुढे करतात.

पण हिशेबाची दुसरी पाटीही आहे. टोरंटोच्या संघाने २०१८ साली सॅन अँटोनियोकडून कवाय लेनर्ड घेतला. वर्षभरात तो जाणार हे दिसत असूनही घेतला. २०१९ साली संघ अजिंक्य ठरला आणि लेनर्ड खरोखरच निघून गेला. टोरंटोच्या लोकांनी त्याला शिव्या घातल्या नाहीत, कारण जे मिळवायचे ते मिळाले होते. म्हणजे माणूस जाणार म्हणून तो आज निरुपयोगी ठरत नाही. मात्र या व्यवहारात ज्याला बदल्यात पाठवले त्या डिमार डिरोझनची गोष्ट विसरू नये. २०१६ साली तो मोकळा होता, कुठेही जाऊ शकत होता. तो टोरंटोतच राहिला. दोन वर्षांनी त्यालाच बांधून परगावी धाडले. निष्ठा त्याने पाळली. संघाने व्यवहार पाळला. इमान एकाच बाजूने मागायचे असते, हा मालकीचा सगळीकडचा धर्म दिसतो.

५

आता मालकाची बाजू. ती ऐकल्याशिवाय न्याय होणार नाही, कारण तमाशाचा मालक म्हणजे अमेरिकेतला अब्जाधीश नव्हे. त्याने स्वतः व्याजाने पैसे काढून उचली वाटलेल्या असतात. गाड्यांचे हप्ते असतात. बाई गेली तर पंच सुपारी देत नाहीत, आणि सुपारी नाही म्हणजे ढोलकीवाल्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे घरी बसतात. २०२०चा गुढीपाडवा २५ मार्चला आला, त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. राहुट्यांचा मुख्य हंगाम बुडाला, पुढच्या वर्षीचाही बुडाला. उचली वाटलेल्या होत्या, खेळ एकही नव्हता. तेव्हा कर्जबाजारी मालक आणि उपाशी कलावंत एकाच रांगेत उभे होते. म्हणून "मालक तेवढा लबाड, बाई तेवढी साधी" अशी सोपी मांडणी मी करणार नाही.

मामांच्या फडात घडलेले सांगतो. फडाचे नाव महत्त्वाचे नाही. एका पावसाळ्यात मालकाने मुख्य बाईची उचल दुसऱ्या फडाकडे फिरवली. बाईला ते कळले ते न्यायला जीप दारात आली तेव्हा. फडातल्या माणसांना कळले ते त्याहून उशिरा, दसऱ्याच्या तोंडावर. मालकाला वाटले होते की आलेल्या पैशात दोन नव्या मुली आणू आणि फड उभा करू. नव्या मुली आल्या, पण पंचांना त्यांची नावे ठाऊक नव्हती. फड अर्ध्या हंगामात बसला. मामा मंचरला कांद्याच्या वखारीवर हमाली करू लागले. ते म्हणत, "बाई गेली याचं वाईट न्हाय वाटलं, पोरा. तिला इचारलं न्हाय आन् आम्हालाबी इचारलं न्हाय. बैलाची दावण बदलावी तशी तिची बदलली, आन् आम्ही त्या दावणीचं खुंटं."

या बोलण्यात माझ्या मते प्रश्नाचे खरे उत्तर आहे. मालकाने बाईला आधी द्यावे की थांबावे, या प्रश्नात "द्यावे" हे क्रियापदच तपासले पाहिजे. जे आपले असते ते देता येते. बाईचा एका हंगामाचा खेळ मालकाने बोलीने घेतलेला असतो, बाई घेतलेली नसते. कायदाही फार वेगळे सांगत नाही. १८७२च्या करार कायद्याचे २७ वे कलम माणसाला आपला धंदा करण्यापासून अडवणारी अट मानीत नाही. बाई मध्येच गेली तर मालक झालेल्या नुकसानीचे पैसे मागू शकतो. न्यायालय तिला त्याच्या बोर्डावर नाचायला लावू शकत नाही. आणि जे मालकाला बोली असतानाही जबरीने मिळवता येत नाही, ते तो परस्पर तिसऱ्याला कसे देणार?

म्हणून माझे मत असे. बाई जाणार याची चाहूल लागली तर मालकाने गप्प बसू नये. हंगाम संपायची वाट पाहणे म्हणजे शंभर जणांच्या पोटाशी जुगार खेळणे आहे. पण बोलायचे ते आधी बाईशी, दुसऱ्या फडाशी नव्हे. तिला जायचे असेल तर तिच्या संमतीने, तिच्या पसंतीच्या फडात, हिशेब समोर मांडून जाऊ द्यावे. नवा फड उचलीच्या वर जे देईल त्यात तिचा वाटा असावा, आणि मागे राहणाऱ्यांचाही असावा. कारण तिचे नाव एकट्या मालकाने मोठे केलेले नाही. तिच्या पावलाला ठेका देणाऱ्या हलगीनेही ते मोठे केले आहे. तिला राहायचे असेल तर बोली लेखी करावी, तीत बाळंतपण आणि आजारपण यांची रजा लिहावी. आणि तिला हंगामभर राहून मग जायचे असेल, तर तेही मान्य करावे. एक चांगला हंगाम मिळाला, त्या वेळात दुसरी मुलगी पुढे आणावी. जी बाई रीतसर हंगाम पुरा करून जाते तिने फडाला काही न देता गेली असे म्हणणे खोटे आहे. हंगाम हेच तिने दिलेले असते.

बाईवरही एक बंधन येते, आणि ते मालकासाठी नाही. राहणार की जाणार हे तिने पाडव्याआधी सांगावे. शेवटपर्यंत मुठी झाकून ठेवण्यात तिचा भाव वाढत असेल. पण झीलकऱ्याला, सुरत्याला दुसरा फड शोधायला वेळ मिळत नाही. वरच्या माणसाने मोकळे व्हायचे आणि खालच्याने अडकून पडायचे, ही रीत आपण बाहेरच्यांकडून सोसली. आपल्या फडात तरी ती नको.

६

याला दुसरा काही नमुना आपल्यात नव्हता काय? होता. आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला, पण नाची वगळली आणि बाजार वगळला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशात माणसे उचलीने बांधलेली नव्हती, विचाराने आलेली होती. १९४४च्या लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर अशी तीन मोठी नावे एकत्र होती, तिथेही कोणी कोणाला दुसऱ्याच्या हवाली करू शकत नव्हते. मात्र त्या पथकांवर पोट चालत नव्हते, किंवा फार ओढाताणीने चालत होते. आणि तमाशाला पोट आहे. म्हणून जलशाचा नमुना जसाच्या तसा फडाला लावता येणार नाही. त्यातले तत्त्व तेवढे घेता येईल : मंडळ एकाच गळ्यावर उभे करू नये आणि कोणाचाही गळा दुसऱ्याच्या खतावणीत मांडू नये.

कार्यकर्त्यांना करण्यासारखी कामे यातून निघतात. पावसाळ्याचे चार महिने हे उचलीचे मूळ आहे. त्या चार महिन्यांसाठी कलावंतांची पतपेढी किंवा सामाईक निधी उभा राहिला, तर उचलीची गाठ आपोआप सैल होईल. बोलीचा एक साधा मराठी नमुना छापून पाडव्याला राहुट्या-राहुट्यांत वाटता येईल. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला त्याच्या उचलीचा हिशेब लिहून मिळावा, एवढी मागणी लावून धरता येईल. शिक्षकांनी तमासगिरांच्या मुलांना वही-पेन्सिल देतानाच आईबापाचा हिशेब वाचायला शिकवावे. गौरव समारंभ, पुतळे, पुरस्कार हे सगळे कलावंत म्हातारा झाल्यावर किंवा मेल्यावर येते. हिशेबाची वही जिवंतपणी लागते.

नामांकित कलावंताला आधी द्यावे की नंतर गमवावे, हा मालकाचा प्रश्न आहे, आणि मालक आपल्यातला असला तरी तो मालकाचाच प्रश्न राहतो. आपला प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे : जिच्याविषयी हे सारे बोलणे चालले आहे ती त्या राहुटीत बसलेली आहे काय? ती बसलेली असेल, तिच्यापुढे हिशेब उघडा असेल आणि "मी जाते" म्हणण्याची तिला भीती वाटत नसेल, तर पुढे ती राहिली काय किंवा गेली काय, तो फड माणसांचा आहे. तसे नसेल, तर वतन १९५८ साली रद्द झाले हे फक्त कागदावर खरे आहे.